खंड्याचं देणं

महाप्यात आमच्या ऑफिसमागे एक नाला आहे. नाइट शिफ्ट संपवून चहाला उभं राहिलं की कधीकधी तिथल्या पाइपवर छोटा खंड्या बसलेला दिसतो. तो सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडत नाही. चोच टोकाकडून मागे हळूहळू जाड होत जाते, त्यामुळे पाणी पुढे ढकललं न जाता बाजूने सरकतं.

जपानच्या सान्यो शिनकानसेनवर हीच अडचण हवेची होती. गाडी वेगात बोगद्यात शिरली की समोरची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज व्हायचा. तिथले इंजिनिअर एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. त्यांना खंड्या आठवला. 1997 साली धावू लागलेल्या 500 सिरीजचं 15 मीटर लांब नाक त्याच्या चोचीवर बेतलेलं आहे.

शिनकानसेनचंच तंत्रज्ञान आता आपल्याकडे येतंय. बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पासाठी वीस हजारांहून जास्त तिवरं तोडायला परवानगी दिली. म्हणजे ज्याच्याकडून शिकलो, त्याच्याच घरावर कुऱ्हाड?

हे वाक्य टाळ्या घेतं, पण मला ते पटत नाही. आम्ही दुसऱ्याचा कोड वापरतो तेव्हा लेखकाचं नाव ठेवतो, कारण त्याने तो लिहिलेला असतो. चोच कुणी लिहिली नाही. खंड्याने ती आपल्याला दिलीही नाही. दाताच नाही, तर ऋण कुणाचं? शिवाय खाडीखालून बोगदा नेण्यामागे वरचं अभयारण्य वाचवणं हेही एक कारण आहेच. आणि गाडी सुरू झाली की मीही तिकीट काढणार.

मग टोचतं काय? तोडलेल्या झाडांच्या बदल्यात पाचपट रोपं लावायची, हा हिशेब. लावायलाच हवीत. पण 'भरपाई' म्हटलं की फाइल बंद होते. आमच्याकडे तिकीट 'क्लोज्ड' केलं की पुन्हा कुणी उघडून बघत नाही, तसं. नवी रोपं दुसरीकडे वाढतील. या काठावरची फांदी गेली ती गेलीच.

नाकात्सु पक्षी बघायला लागले ते गाडीसाठी नव्हे. उपयोग नंतर सापडला. म्हणून खंड्याचं देणं असलंच, तर ते मला एवढंच वाटतं: नुकसान करावं लागलं तरी ते फिटलं असं म्हणू नये, आणि बघणं थांबवू नये.