लेबल वाचलंस, हवा नाही वाचलीस

महागडं जॅकेट घेतलंस, त्याच्या आत सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स घातलीस, आणि जुलैच्या पावसात कळसूबाई चढलास. शिखरावर वाऱ्यात दात वाजायला लागले तेव्हा म्हणालास, "सर, कंपनीनं फसवलं, आतून सगळा भिजलो." तुला कोणी फसवलेलं नाही. तू विचार न करता पैसे टाकलेस. आता मुकाट्यानं ऐक.

त्या कापडाच्या आतला पातळ पडदा पावसाचा थेंब अडवतो आणि घामाची वाफ जाऊ देतो, इथवर तू वाचलंस. पुढचं वाचलं नाहीस. वाफ आपणहून बाहेर पडत नाही. आतल्यापेक्षा बाहेर दमटपणा कमी असेल, तरच ती जाते. जुलैत बारी गावातून चढताना हवा उबदार असते, आर्द्रता शंभर टक्क्यांना टेकलेली असते. मग ती वाफ जाणार कुठे? किती वाफ बाहेर जाते म्हणून लेबलवर लिहिलेले ते 10,000 ग्रॅम प्रयोगशाळेत मोजलेले असतात, सह्याद्रीच्या धुक्यात नाही. आपल्या खाचरांत भातलावणी करणाऱ्या बाया इरलं पांघरून दिवसभर वाकून काम करतात, कारण त्याखाली हवा खेळते. तू मात्र गळ्यापर्यंत चेन ओढून धापा टाकत चढत होतास.

इथल्या पावसात ढगळ, काखेत चेन असलेलं जॅकेट घ्यावं. चढताना ती चेन उघडी ठेवावी आणि घाम फुटणार नाही अशा बेतानं चालावं. थोडं भिजणार, हे धरूनच निघावं. भिजण्यानं माणूस मरत नाही रे, भिजल्या अंगानं वाऱ्यात थांबण्यानं मरतो. म्हणून सुती कपडा नको म्हणतो मी. तो पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. पोंचो जंगलातल्या वाटेला ठीक. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर तो वाऱ्यानं फडफडला आणि पाऊल दिसलं नाही, तर काय होईल, याचा विचार केलास कधी?

आणि ऑगस्टमध्ये हंपता पासला जायचं म्हणतोस. तिथे हिशोब बदलतो. मनालीकडची बाजू ओली, हिरवी. पास ओलांडून लाहौलमध्ये उतरलास की हवा कोरडी आणि गार. 4,000 मीटरच्या वर त्या गार हवेत हाच पडदा खरं काम करील. अर्थात, तोवर जॅकेट धड राहिलं तर! ओलंच घडी घालून कपाटात कोंबलंस ना? आतला थर असाच सोलून निघतो. बाहेरच्या कापडावर पाणी ओघळायचं थांबून ते मुरायला लागलं की घाम आत कोंडतो, आणि तुला वाटतं जॅकेट गळतंय. सौम्य साबणानं धू, कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नकोस, आणि लेबलवर सांगितली असेल तेवढीच ऊब दे. ते लेबल वाचायचं असतं ते यासाठी.

तुझ्याबरोबर आणखी पोरं येतात, ती तुझं बघून कपडे घेतात. एक जण वर गारठून बसला, तर सगळ्यांना थांबावं लागतं, आणि त्याला खाली आणायला कोणाच्या तरी खांद्याची गरज लागते.

पुढच्या रविवारी निघण्याआधी सॅक माझ्यासमोर उघडायची. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा जोड आणि फ्लीस दिसली नाही, तर तू येणार नाहीस.