सॉरी, पण कशाबद्दल?

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेले. पुण्यात आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. काका महिन्यातून एकदा एसटीने यायचे आणि डबा दोघींचा आणायचे. शेवटचे तीन आठवडे ते दवाखान्यात होते. त्या दिवसांत तिने मला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी वाजणाऱ्या फोनकडे नुसती बघत बसले. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून 'नंतर करते' असं स्वतःला सांगितलं. मग एका सकाळी ग्रुपवर बातमी आली. मी तिला मेसेज टाकला, 'सो सॉरी यार.' पुढे हात जोडलेला इमोजी.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. एकच शब्द. 'कशाबद्दल?'

तेव्हा मला राग आला होता. असं कुणी विचारतं का? पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण खरंच, मी कशाबद्दल सॉरी म्हटलं होतं? काका गेले त्याबद्दल, की मी फोन उचलला नाही त्याबद्दल?

इंग्रजीत या दोन्हींसाठी तोच शब्द चालतो. 'सॉरी'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग' या शब्दात आहे आणि त्याचं नातं 'सोअर'शी, म्हणजे दुखण्याशी आहे. अर्थ असा की मला दुखतंय, मी व्यथित आहे. 'सॉरो'सुद्धा त्याच घरातला वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं. सॉरीत मुळात फक्त दुखणं होतं. चुकीची कबुली नंतर त्याला चिकटली. म्हणून 'सॉरी फॉर युअर लॉस' म्हणणारा काही कबूल करत नसतो. 'फील सॉरी फॉर' म्हणजे कीव करणं. 'सॉरी स्टेट' म्हणजे दयनीय अवस्था. 'बेटर सेफ दॅन सॉरी'मध्ये पश्चात्ताप आहे, पण समोर माफी मागायला कुणी नाही. आणि नुसतं 'सॉरी?' म्हणजे, काय म्हणालात, पुन्हा सांगा.

एका शब्दात इतकी जागा असली की त्यात लपताही येतं. 1 एप्रिल 2001ला चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिकाचा जीव गेला. अमेरिकी विमान परवानगीशिवाय बेटावर उतरलं आणि त्यातले 24 जण चीनने अकरा दिवस ताब्यात ठेवले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती मागायची नव्हती. शेवटी अमेरिकेच्या राजदूतांनी पत्र दिलं. त्यात दोनदा 'व्हेरी सॉरी' होतं, एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चीनने ती माफी मानली. अमेरिका म्हणाली, आम्ही माफी मागितलेलीच नाही. माणसं सुटली. माझ्या मेसेजमधल्या सॉरीने मला असंच सोडवलं होतं.

मराठीत हे इतकं सोपं नाही. कुणाचे वडील गेले तर आपण 'ऐकून वाईट वाटलं' म्हणतो. 'माझं चुकलं' म्हटलं तर घरातले चमकून बघतील. उलट चूक आपली असताना नुसतं 'वाईट वाटलं' म्हटलं तर पुढचा माणूस चिडेल. दोन वेगळी वाक्यं आहेत आणि त्यातलं एक निवडावं लागतं. कदाचित म्हणूनच आपण सॉरी उसनं घेतलं. ते निवडायला लावत नाही. 'माझं चुकलं' म्हणताना घशात जे अडकतं, ते सॉरी म्हणताना अडकत नाही.

पण मराठीला फार सोवळी ठरवायला नको. आपल्याकडे 'दिलगीर' आहेच. फारसीतून आलेला हा शब्द मुळात नुसता खिन्न, दुःखी असा. गाडी उशिरा आली की फलाटावर कुणीतरी गैरसोयीबद्दल दिलगीर असतं, पण चूक कुणाची ते कळत नाही. 'चूक झाली' हेही तसलंच. पाऊस झाला, तशी चूक झाली.

आणि सॉरी नेहमी हलकं असतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं कित्येक दशकं सरकारनेच आईबापांपासून तोडून नेली. 1999मध्ये तिथल्या संसदेने 'रिग्रेट' म्हणजे खेद नोंदवला. लोकांना तो पुरला नाही. त्यांना नेमका सॉरी हाच शब्द हवा होता. 13 फेब्रुवारी 2008ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो संसदेत उच्चारला आणि कशाबद्दल तेही सांगितलं: आधीच्या संसदांनी आणि सरकारांनी केलेले कायदे, राबवलेली धोरणं. हैनानच्या पत्रातही सॉरी होतं, इथेही होतं. फरक एवढाच की इथे 'कशाबद्दल?'चं उत्तर बोलणाऱ्याकडे बोट दाखवत होतं.

मला वाटतं, माफीचा सगळा भार या उत्तरावर असतो. शब्द कुठल्या भाषेतला आहे, याने फारसं बिघडत नाही. आपण मात्र सॉरी टाकतो आणि लगेच 'इट्स ओके'ची वाट बघतो, जणू सुट्टे पैसे परत यायचेत. 'क्षमा' या शब्दाचा धातू 'क्षम्', म्हणजे सहन करणं. क्षमा मागणं म्हणजे समोरच्याला सांगणं की मी केलेलं तू सहन कर. मग निदान काय सहन करायचं आहे, ते तरी त्याला सांगायला हवं.

महिन्याभराने मी तिला फोन केला. दोनदा पाठ केलेलं वाक्य विसरले. म्हणाले, "तुझे फोन मी बघितले होते. बिझी नव्हते. मला भीती वाटत होती. तुला गरज होती तेव्हा मी पळाले. माझं चुकलं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो. चुकलंच."

'इट्स ओके' तिने म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. पण त्या दिवशी तिने फोन ठेवला नाही, काकांचे शेवटचे तीन आठवडे कसे गेले ते सांगत राहिली. मी ऐकत राहिले.