नाव पुसलेली कॅसेट

व्हिडिओ गेमच्या इतिहासात दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात विक्रीला आला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये त्यावर 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. रत्नागिरीत आमच्या पिढीला मारिओ भेटला तो २००० नंतर, फॅमिकॉमच्या टीव्हीला जोडायच्या नकलेवर, '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमधून. त्यात गेम मोजकेच, बाकी तेच ते पुन्हा.

ही चोरी होती का? कायद्याने होतीच. पण आमच्या बाजारात अस्सल कॅसेट मिळतच नव्हती, आणि मिळाली असती तरी परवडली नसती. जे गिऱ्हाईक कधी झालंच नसतं, त्याच्यामुळे कंपनीचं नुकसान ते काय? पैशांपुरता हा युक्तिवाद मला पटतो.

पण पैशांपुरताच. अशा कित्येक कॅसेटींमध्ये पहिल्या पडद्यावरची कॉपीराइटची ओळ पुसलेली असे. गेम कुणी केला, हे कळायची सोयच नाही. नकला करणाऱ्यांचा खरा गुन्हा मला हा वाटतो.

अर्थात, अस्सल गेममध्ये तरी काय होतं? '१९८५ निन्टेन्डो', बस. तो घडवणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका तिथेही नव्हते. अटारी तर प्रोग्रामरांना श्रेय देतच नसे. म्हणून वॉरन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचं नाव लपवलं. १९७९ मध्ये अटारीच्या चार प्रोग्रामरांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन काढली, त्यामागेही हे एक कारण होतं. म्हणजे नाव पुसण्याची सुरुवात नकलाकारांनी केली नव्हती.

नावाचं मोल रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. बाहेरचा आंबा 'रत्नागिरी हापूस'च्या पेटीतून विकला की बागायतदार चिडतात, ते केवळ दरासाठी नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन हे नावाचंच रक्षण आहे.

मी रोज ज्या फुकट कोडवर पोट भरतो, त्यातल्या बऱ्याचशा कोडला एमआयटी परवाना असतो. तो म्हणतो: घ्या, बदला, विका, फक्त मूळ कर्त्याच्या हक्काची ओळ पुसू नका. पैशाची अट नाही, नावाची आहे. मला हा न्याय रास्त वाटतो. फुकट खेळलेल्या मुलाकडे कुणी पैसे मागायला येणार नाही. पण हे कुणी केलं ते शोधणं आणि पुढच्याला सांगणं, एवढं देणं त्यालाही फेडता येतं.