थोडा उशीर दे

पांडुरंगा, आज घरच्यांसाठी काही मागत नाही. इथे ऑस्ट्रेलियात, अराराट गावाजवळ, जाब वुरंग या मूळनिवासी लोकांची झाडं आहेत. त्यांच्यासाठी हात जोडते.

ती बाळंतपणाची झाडं, देवा. त्यातलं एक सुमारे 800 वर्षांचं. त्याच्या बुंध्यात एवढी मोठी ढोली, की बाई आत बसून बाळंत होई. पन्नासांहून जास्त पिढ्यांची लेकरं तिथे जन्मली, असं ते लोक सांगतात. बाळाची वार बियांसोबत मातीत जाई, आणि त्यातून वाढलेलं झाड त्या लेकराला जन्मभर वाट दाखवी. माझ्या आजीनेही माझ्या बापाची वार परसात पुरली होती. मला हे कुणी समजवावं लागलं नाही.

सांभाळ त्यांना. तूच सांभाळ.

मेलबर्नहून ॲडलेडकडे जाणारा महामार्ग तिथे चौपदरी व्हायचा आहे; बुआंगोर ते अराराट, साडेबारा किलोमीटर. ही झाडं त्याच्या वाटेत येतात. त्या रस्त्यावर अपघातात माणसं गेली, त्यांच्या आयांचं रडणंही तू ऐकलंस. रस्ता नको, असं कसं म्हणू? मीही त्याच रस्त्याने जाते. माझी गाडी लवकर पोचावी म्हणूनही हे चाललंय, ते तुझ्यापासून कुठे लपवू? पण झाडं वाचावीत म्हणून 2018 पासून जाब वुरंग माणसं त्यांच्याखाली तंबू ठोकून राहिली, थंडीवाऱ्यात. 26 ऑक्टोबर 2020 ला मेलबर्नची टाळेबंदी सैल होणार म्हणून आम्ही आनंदलो, आणि त्याच दिवशी त्यांचं एक वाट दाखवणारं झाड तोडलं गेलं. मग कोर्टाने काम थांबवलं. त्या थांबण्याचे तुझे उपकार, देवा. जी उभी राहिली, त्या एकेका झाडाचे उपकार.

मी किती लहान. या भूमीत कालपरवा आलेली. इथली माणसं तुला कोणत्या नावाने आळवतात तेही मला येत नाही. त्यांची हाक आधी ऐक. माझी मागाहून ऐकलीस तरी चालेल.

रस्ता आखणाऱ्याच्या हाताला वळण दे. झाडांना वळसा घालायला जो पैसा लागेल, तो माझ्या करातूनही जाऊ दे. मला उशीर दे. अर्धा तास दे, तास दे. आणि जाब वुरंगांच्या ज्या लेकी यंदा पोटुशा असतील, त्यांना आपल्या पणजीच्या झाडाला हात लावायला मिळू दे.