भूक नाही, असे म्हणताना

आपल्या घरांत मुलांना सलाम करायला शिकवतात, त्याच वयात आणखी एक गोष्ट शिकवतात. कुणाकडे गेल्यावर समोर ताट आले की आधी ‘नको’ म्हणायचे. पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचे. अम्मी डोळ्यांनी खूण करायची आणि मी व माझा भाऊ एका सुरात म्हणायचो, ‘‘खाको आए, खालाजान.’’ खालाजान दुसऱ्यांदा आग्रह करीत, तिसऱ्यांदा करीत, मग आम्ही अम्मीकडे बघून हात पुढे करायचो. याला तकल्लुफ म्हणतात. हे खोटे बोलणे आहे, असे कुणाच्या मनातही येत नसे. माझ्याही आले नव्हते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका जेवणानंतर मात्र हा प्रश्न मनात ठाण मांडून बसला आहे.

आम्ही चौघी बी.एड.च्या मैत्रिणी. तेव्हा बी.एड. एकाच वर्षाचे होते. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. वसतिगृहात एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती, ती आजही सुटलेली नाही. एक बार्शी, एक अक्कलकोट, एक मोहोळ आणि मी सोलापूर. माझे सारे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. मराठीतली व्याख्याने पहिले दोन महिने डोक्यावरून जात. मोहोळ रोज संध्याकाळी आपली वही मला देई आणि ‘ती पुस्तक’ नव्हे, ‘ते पुस्तक’ असे शंभरदा सांगे. आज मी मराठीत चार ओळी लिहू शकते त्यामागे तिची वही आहे.

तेरा वर्षांत नोकऱ्या लागल्या. बार्शी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. अक्कलकोट आणि मी अनुदानित शाळांत. मीही तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना ८,००० रुपयांवर काढली, पण नंतर पूर्ण पगार सुरू झाला. मोहोळ तेवढी अजून विनाअनुदानित शाळेत तासांवर शिकवते. पगाराची गोष्ट आम्ही तिच्यासमोर काढीत नाही. यालाही आम्ही लिहाज म्हणतो.

सुट्टीत भेटायचे ठरले. होटगी रस्त्याला नवीन रेस्टॉरंट उघडले होते. फोटो सगळ्यांनी पाहिले होते, म्हणून तिथेच जायचे ठरले. आत मंद पिवळे दिवे, भिंतीवर जुन्या हातमागाचे सुटे भाग टांगलेले. ज्या शहरात चादरींचे माग एकेक करून बंद पडले तिथे माग शोभेसाठी भिंतीवर चढला होता. मेन्यूकार्ड नव्हते, टेबलावरचा चौकोन मोबाइलने टिपायचा. यादीत आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणीसुद्धा होती, काळ्या पाटीवर मांडून, १८० रुपयांना. आम्ही खूप हसलो.

मग मागवायची वेळ आली. बार्शीने चिकनचे दोन प्रकार सांगितले. अक्कलकोट शाकाहारी, तिने आपले सांगितले. माझ्याकडे न बघताच बार्शी म्हणाली, ‘‘सोलापूरसाठी पनीर. तिला नॉनव्हेज आवडत नाही.’’

हे माझे तेरा वर्षांपूर्वीचे खोटे. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्याच रविवारी मटण होते. ते हलाल आहे का, हे विचारायला जीभ रेटेना. नवी जागा, मोडकी भाषा, त्यात वर्गात मी एकटीच. म्हणून टाकले, ‘‘मला नाही आवडत.’’ घरी दालचा-खाना असला की दोनदा वाढून घेणारी मी तेव्हापासून यांच्या लेखी पनीरवाली झाले. पुढे सांगायची संधी अनेकदा आली, पण तो प्रश्न दिवसेंदिवस जड होत गेला. २०२२ साली शेजारच्या कर्नाटकात हलाल मांसावर बहिष्काराची मोहीम झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्राच्या खाद्यपदार्थांच्या विक्रीवर बंदी आली. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघाले. जो प्रश्न एके काळी फक्त ताटाचा होता, तो विचारणे म्हणजे जाहीर भूमिका घेण्यासारखे वाटू लागले. पनीर सोपे होते.

मोहोळने फक्त एक सूप सांगितले. ‘‘मला आज भूकच नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारी उशिरा जेवले.’’ आम्ही एकदा आग्रह केला आणि गप्पांना लागलो.

बिल आले. ३,६०० रुपयांचे जेवण, त्यावर जीएसटी आणि शिवाय १० टक्के सेवा शुल्क. अक्कलकोट नागरिकशास्त्र शिकवते. तिने व्यवस्थापकाला बोलावून शांतपणे सांगितले की, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क सक्तीने घेता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. व्यवस्थापकाने मुकाट्याने ३६० रुपये कमी केले. आम्हाला विजयी वाटले. राहिले ३,७८० रुपये. ‘‘चौघींत ९४५,’’ मी म्हणाले. हिशेब मीच केला, कारण मी गणित शिकवते. मोहोळने पर्स उघडली, नोटा मोजल्या आणि दिल्या. तिचे सूप १९० रुपयांचे होते.

दुसऱ्या दिवशी फोनवर सहज विचारले, वेळेवर पोचलीस ना? ती म्हणाली, ‘‘शेवटची गाडी मिळाली. स्टँडपर्यंत चालत गेले ना, म्हणून थोडा उशीर झाला.’’ मी विचारले, रिक्षा का नाही केलीस? ती घाईने म्हणाली, ‘‘चालायला बरं वाटतं गं रात्रीचं.’’ रेस्टॉरंटपासून एस.टी. स्टँड काही जवळ नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे आहे. तेवढे पैसे तिने राखून ठेवले असणार, रिक्षाचे राहिले नसणार. फोन ठेवला आणि मला तिचे आदल्या रात्रीचे वाक्य ऐकू आले. भूकच नाही. तेरा वर्षे मी जे वेगळ्या शब्दांत बोलत आले, तेच ती बोलली होती. आणि ते ओळखण्यासाठी सगळ्यांत लायक कोण असेल, तर मी. तरीही मी ओळखले नाही.

इब्न माजाच्या हदीससंग्रहात एक लहानशी घटना आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासमोर जेवण आले, त्यांनी ते उपस्थित स्त्रियांपुढे केले. स्त्रिया संकोचाने म्हणाल्या, आम्हाला इच्छा नाही. तेव्हा प्रेषितांनी त्यांना समजावले की, भूक आणि खोटे यांची सांगड घालू नका. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’मध्ये जिभेच्या दोषांची चर्चा करताना नेमकी हीच सवय घेतली आहे. ‘जेवा’ म्हटल्यावर खरे कारण नसताना ‘इच्छा नाही’ म्हणणे लोक किरकोळ समजतात, पण ते खोटेच आहे, असे ते बजावतात. मी हे पूर्वी वाचले होते. तेव्हा वाटले होते, एवढ्याशा गोष्टीत इतकी कडक भूमिका कशाला?

दुसरी बाजूही आपल्याच परंपरेत आहे. शेख सादींच्या १२५८ सालच्या ‘गुलिस्ताँ’ची सुरुवातीचीच गोष्ट आठवा. मृत्युदंड झालेला कैदी राजाला शिव्या देतो. एक वजीर त्याचा अर्थ गोड करून सांगतो, दुसरा खरे ते सांगतो. राजाला पहिल्याचे खोटे अधिक पसंत पडते, कारण त्यामागे एक जीव वाचवण्याची इच्छा असते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली याच्या अगदी उलट लिहिले. कुणाचा जीव वाचत असला तरी खोटे बोलण्याचा हक्क माणसाला नाही, असे त्याचे म्हणणे. कांट मला पटत नाही. माझ्या दारात कुणी जीव वाचवायला आला, तर मी बेधडक खोटे बोलेन आणि गझालीही मला दोष देणार नाहीत. जिथे चांगला हेतू खऱ्याने साधतच नाही, तिथे त्यांनी वाट ठेवली आहे.

पण सादींच्या वजिराचे खोटे दुसऱ्यासाठी होते. माझे पनीर कुणासाठी होते? मी स्वतःला सांगत आले की, मैत्रिणींना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. नीट पाहिले तर अवघडलेपण मला टाळायचे होते. शिवाय खऱ्याने काम होत नव्हते, हे तरी मला कुठे माहीत होते? मी ते कधी करूनच पाहिले नव्हते. मैत्रिणी नकार देतील, तोंड वाकडे करतील, असा निकाल मी त्यांना न विचारता देऊन टाकला. आपण दुसऱ्याचा मान राखतो असे म्हणत त्याच्याबद्दल वाईट गुमान बाळगायचे, हा तकल्लुफचा आतला भाग मला तेव्हा दिसला.

सलमान फारसी यांची एक हकीकत सांगतात. पाहुणा आला, त्यांनी घरात होते ते मीठ-भाकर पुढे ठेवले. पाहुणा म्हणाला, सोबत थोडी सुगंधी पाला-पत्री असती तर! घरात पैसा नव्हता. सलमान यांनी वजूचे भांडे गहाण ठेवून ती आणली. जेवण झाल्यावर पाहुण्याने अल्लाहचे आभार मानले की, मिळाले त्यात समाधान दिले. सलमान उत्तरले, तू समाधानी असतास तर माझे भांडे गहाण पडले नसते. आम्ही त्या रात्री असेच समाधानी होतो. मालकाकडून ३६० रुपये सोडवून घेतले आणि मैत्रिणीचे भांडे गहाण ठेवून उठलो.

कुणी म्हणेल, मोहोळने सांगायचे होते. हे म्हणणे सोपे आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला ‘महाग आहे’ म्हणायला काही लागत नाही. नाहीत त्याला तेच वाक्य फार महाग पडते. मेसमध्ये शंभरांत एकटी असताना ‘हलाल आहे का’ हे वाक्य मला महाग होते. तेरा वर्षांनंतर, या तिघींसमोर, ते तितके महाग राहिले नव्हते. तरी मी जुन्याच भावाने हिशेब करीत राहिले. मला वाटते, टेबलावर खरे बोलायची पहिली जबाबदारी ज्याला ते परवडते त्याची आहे. एकाने तोंड उघडले की दुसऱ्यासाठी भाव थोडा उतरतो.

मग मी काय करावे? पहिला विचार आला, ‘मलाच असली ठिकाणे परवडत नाहीत’ असे सांगावे, म्हणजे मोहोळची सुटका होईल. पण ते पुन्हा खोटेच झाले असते. खरे होते ते एवढेच, की हिशेब मी चुकवला होता. मी तिला फोन केला. तिच्या पर्सविषयी काही विचारले नाही. म्हणाले, ‘‘मोहोळ, त्या रात्रीची वाटणी चुकली. तू सूप घेतलंस आणि मी तुझ्याकडून पूर्ण वाटा घेतला. टॅक्स धरून तुझे १९९ रुपये ५० पैसे होतात. बाकीचे पाठवते.’’ ती ‘नको, नको’ म्हणू लागली. मी म्हणाले, ‘‘आणि दुसरी गोष्ट. मला पनीर अजिबात आवडत नाही.’’ मग मेसच्या पहिल्या रविवारापासूनचे सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘सूप अगदी पातळ होतं गं. घरी जाऊन भात खाल्ला.’’ आम्ही दोघी हसलो आणि थोड्या रडलोही.

बार्शी मात्र रागावली. ‘‘तेरा वर्षं तुझ्यासाठी पनीर मागवतोय! एकदा विचारलं असतंस तर आम्ही नाही म्हणालो असतो?’’ तिचा राग खरा होता. पण तिनेही तेरा वर्षांत मला कधी विचारले नव्हते, हेही खरे. हे मी तिला बोलून दाखवले. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, ‘‘तेही बरोबर आहे.’’

पुढची भेट माझ्या घरी झाली. दस्तरखान अंथरला. दालचा-खाना केला होता आणि अक्कलकोटसाठी वांग्याची भाजी व भाकरी. बसण्याआधी अक्कलकोट स्वयंपाकघरात आली आणि सरळ विचारले, ‘‘भाजीचं भांडं, पळी वेगळी आहे ना गं?’’

वेगळ्या भांड्याच्या प्रश्नाला आपल्या समाजात फार जुना, कडू इतिहास आहे. वर्षभरापूर्वी तो मला टोचला असता. रात्रभर मी तो उलटसुलट करीत बसले असते. त्या दिवशी मात्र मला बरे वाटले. तिने पोटाचे निमित्त सांगितले नाही, ‘भूक नाही’ म्हटले नाही. मी सत्य सांगेन आणि रागावणार नाही, इतका विश्वास तिने माझ्यावर टाकला. माझा प्रश्नही समोरच्याने असाच ऐकावा, एवढीच तर माझी इच्छा होती.

‘‘वेगळी आहे,’’ मी म्हणाले, ‘‘ये, दाखवते.’’