आडनावाची चौकशी

आमच्या नारायण पेठेत भाड्याची खोली पाहावयास आलेल्या विद्यार्थ्यास पुष्कळदा पहिला प्रश्न होतो तो आडनावाचा. विचारणारे दुर्जन नसतात. खरे कोडे तेच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झाले. पण त्यांस प्रायश्चित्ताची वाट होती. आडनावास प्रायश्चित्त कोणते? सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच योग्यतेचे अर्ज केवळ नावे बदलून खाजगी कंपन्यांकडे धाडले होते. दलित नावांस बोलावणी सुमारे एकतृतीयांशाने कमी आली, मुसलमान नावांस त्याहूनही कमी. ते अर्ज चाळणारे स्वतःस पूर्वग्रहदूषित म्हणवून घेतील, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या पेठेतला सुविद्य घरमालकही म्हणतो, ‘आमचे काही नाही हो, शेजाऱ्यांना चालत नाही.’ शेजाऱ्यास विचारावे, तर तोही हेच सांगतो.