वाळूचं पोतं

ही गोष्ट केदारखेड्यातली. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या हातून झालेली चूक मात्र रोज कुठे ना कुठे होत असते.

जालन्याहून भोकरदनकडे निघालं, की राजूरचा गणपती मागे टाकल्यावर पूर्णेच्या काठी केदारखेडा लागतं. कापूस, मका आणि सोयाबीनचा हा पट्टा. दसरा उलटला की इथे खेडा खरेदी सुरू होते. भोकरदनला किंवा जालन्याला गाडी भाड्याने न्यायची ज्यांची ऐपत नसते, ते घरचा कापूस गावातल्याच काट्यावर घालतात. अशाच एका काट्याचे मालक म्हणजे आपल्या गोष्टीतले नाना.

काटामारी हा शब्द नानांच्या दुकानात कुणी काढला नव्हता. कडता नाही, की हात चालाखीने ठेवणं नाही. सकाळी काट्याला उदबत्ती ओवाळायची, मग कोपऱ्यातलं पोतं ओढत आणून त्यावर ठेवायचं. पूर्णेच्या वाळूचं, पन्नास किलोचं. लाल आकड्यांत ५०.०० दिसलं की मगच पहिलं गाठोडं वर चढायचं. बिडाची शिक्क्याची वजनंही घरात होती, पण ती कोठीत, खताच्या गोण्यांमागे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती उचलायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या हंगामात दोन-तीन जण कुरकुरले. ‘‘नाना, तुमच्या काट्यावर माल जरा कमी भरायलाय.’’ नाना चिडले नाहीत. त्यांनी पोतं आणलं, वर ठेवलं, आकडा दाखवला. बरोबर पन्नास. समोरचा गप्प झाला. पुराव्यापुढे काय बोलणार?

नानांची पुतणी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. सणाला घरी आली ती लॅपटॉपसकट. भोवतालच्या गावांतल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी ती एक छोटी व्यवस्था बांधत होती. काट्यावर माल तोलला की मोबाइलमध्ये काटापट्टी तयार व्हायची, गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव घालून तिची फाइल अॅमेझॉनच्या मुंबईतल्या एस-थ्री या साठवणीत जायची. फाइल पोचताच लॅम्डा नावाची सेवा तिने लिहिलेला कोड जागा करायची. तो कोड पट्टी वाचणार, वजन डायनॅमोडीबीच्या तक्त्यात लिहिणार आणि शेतकऱ्याला एसएमएस धाडणार. याला सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हर असतोच, फक्त तो आपल्याला सांभाळावा लागत नाही आणि कोड जेवढा वेळ चालला तेवढ्याचंच भाडं लागतं. हंगामापुरतं काम असलेल्या कंपनीला हे परवडतं.

असा कोड तपासताना दर वेळी खऱ्या सेवेला हाक मारायची नसते. दिवसातून शेकडो वेळा टेस्ट चालवायच्या, त्यात गावातलं नेटवर्क, वर बिल, आणि प्रत्येक चाचणीला कुणा शेतकऱ्याचा फोन वाजायचा. म्हणून प्रोग्रामर खऱ्या सेवेच्या जागी एक तोतया उभा करतात. मॉक म्हणतात त्याला. कोडने ‘फाइल दे’ म्हटलं की मॉक ठरलेली फाइल देतो. ‘हे लिहून ठेव’ म्हटलं की ‘लिहिलं’ म्हणतो. यात काही पाप नाही. मॉक न वापरणारा प्रोग्रामर एक तर श्रीमंत असतो किंवा टेस्टच लिहीत नसतो.

पुतणीनेही मॉक लिहिले. फाइल आल्याची वर्दी एस-थ्री कोणत्या रूपात देते, याचा नमुना अॅमेझॉन स्वतःच पुरवतं. तिने तो उतरवून घेतला. त्यात फाइलच्या नावाच्या जागी ‘टेस्ट’ आणि ‘की’ या दोन इंग्रजी शब्दांमध्ये तिरकी रेघ असायला हवी होती, तिथे टक्क्याचं चिन्ह, दोनचा आकडा आणि एफ हे अक्षर होतं. तिला तो कचरा वाटला. तिने तो पुसून तिथे सरळ, स्वच्छ नाव लिहिलं. तक्त्याच्या जागी पायथनमधली एक साधी डिक्शनरी ठेवली. काहीही द्या, ठेवून घेणारी. टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

खरेदीचा पहिला दिवस आला. पट्ट्या वर गेल्या, पण एकाही शेतकऱ्याला एसएमएस आला नाही. लॉग उघडला तर एकच ओळ: परवानगी नाही. तीही प्रत्येक पट्टीमागे तीन-तीनदा, कारण अशा वर्दीवर कोड पडला तर लॅम्डा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते.

तिने रात्रभर परवानग्या उलटसुलट केल्या. शेवटी वैतागून कोडला त्या साठवणीची सगळी दारं उघडी करून दिली, जे कधी करू नये. तेव्हा लॉगमधली तक्रार बदलली: अशी फाइलच नाही. आणि फाइल तर समोर पडद्यावर दिसत होती! (एस-थ्रीची ही खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. यादी पाहायचा अधिकार नसलेल्याने नसलेली फाइल मागितली, तर ती ‘नाही’ न म्हणता ‘परवानगी नाही’ म्हणते. परक्याला घरात काय आहे आणि काय नाही हेही कळू नये, म्हणून. शहाणपणाचंच आहे, पण माणूस भलत्या वाटेला लागतो.)

पहाटे तिने पुन्हा टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

‘‘रात्रभर काय करायलीस, बाई?’’ चहा घेऊन आलेल्या नानांनी विचारलं.

‘‘नाना, माझ्या सगळ्या टेस्ट पास होतात. कामच होत नाही फक्त.’’

नानांना यातलं फार कळलं नाही. त्यांची स्वतःची घाई होती. त्या दिवशी गावात वैधमापनशास्त्र विभागाचं शिबिर होतं आणि काटा पासिंगला न्यायचा होता. नेटवर्क गेलंच होतं, म्हणून तीही बरोबर निघाली.

निरीक्षकांनी काटा सपाट जागी ठेवायला लावला, शून्य पाहिलं, आपल्या पेटीतली वजनं काढली. वीस, वीस आणि दहा. आकडा आला ४९.६०. उतरवून पुन्हा ठेवली. ४९.६०.

नानांचा चेहरा पडला. ‘‘साहेब, असं होणार नाही. मी रोज सकाळी तपासतो. दुकानातून पोतं आणतो, थांबा तुम्ही.’’

पोतं आलं, वर चढलं. ५०.००. नानांनी निरीक्षकांकडे पाहिलं, जसे ते हंगामभर कुरकुरणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहत आले होते.

‘‘नाना, हे पोतं भरलं कशावर?’’

‘‘ह्याच काट्यावर. जुनं पावसाळ्यात कुजलं, मग नवं भरलं.’’

निरीक्षक पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. काटा तेव्हाच चुकलेला होता. नानांनी त्याचा आकडा पन्नासवर येईपर्यंत वाळू ओतली होती आणि त्या पोत्यात चारशे ग्रॅम वाळू जास्त गेली होती. तेव्हापासून रोज सकाळी चुकीचा काटा चुकीच्या पोत्याला साक्षीला बोलवत होता, आणि दोघांचं एकमत होत होतं. क्विंटलमागे आठशे ग्रॅम. दहा क्विंटल कापूस घालणाऱ्याचे आठ किलो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, म्हणजे त्या हिशोबाने सहाशेहून जास्त रुपये. नानांनी एक रुपयाही लबाडीने घेतला नव्हता, आणि तरी तो गेला होता.

पुतणीने निरीक्षकांना विचारलं, ‘‘पण सर, तुमची वजनं बरोबर कशावरून?’’

प्रश्न आगाऊ होता, निरीक्षकांना मात्र आवडला. ती वजनं वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ठरावीक काळाने ताडली जातात, ती त्याहून वरच्यांशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, असं त्यांनी सांगितलं. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल आहे, ५७ क्रमांकाचा. पॅरिसजवळ ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमची ती भारताला मिळालेली प्रत. गंमत अशी, की शंभरेक वर्षांत पॅरिसचा मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यातही काही लक्षांश ग्रॅमचा फरक पडलेला आढळला. कमी-जास्त कोण झालं हे सांगायला जगात दुसरं माप नव्हतं. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या दंडगोलावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, बसवण्यात आली. मापांचे सगळे पंडित जिथे बसतात तिथेही हा प्रश्न सुटायला एवढा काळ लागला, तर केदारखेड्यातल्या नानांना किती बोल लावायचा?

परत येताना तिने विचारलं, ‘‘नाना, पोतं भरताना कोठीतली वजनं कामून नाही लावली?’’

‘‘आकडा बरोबर दिसत होता ना.’’

ती घरी आली ती थेट लॅपटॉपपाशी. एस-थ्रीकडून खरोखर आलेली वर्दी तिने पहिल्यांदा लॉगमध्ये छापून पाहिली. इतके दिवस ती आपलीच वर्दी पाहत होती. खऱ्या वर्दीत ‘केदारखेडा’ कुठेच नव्हतं. वर्दीत फाइलचं नाव सांकेतिक रूपात येतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटाआधी टक्क्याचं चिन्ह, आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधिकचं चिन्ह. कानामात्रा धरून केदारखेड्याची नऊ चिन्हं, ती तिथे ८१ अक्षरं होऊन आली होती. कोड त्याच नावाची फाइल मागत होता आणि तशी फाइल नव्हतीच. नमुन्यातून तिने जो ‘कचरा’ पुसला होता, तो याचाच इशारा होता. नाव उलगडायला पायथनमध्ये एका ओळीची सोय आहे. ती ओळ घातली आणि परवानग्यांची उघडी दारं पुन्हा लावून घेतली.

पट्ट्या वाचल्या गेल्या, पण पुढे तक्त्यापाशी गाडी अडली. वजन होतं ४८.३५. पायथनमधून डायनॅमोडीबीला साधी दशांश संख्या द्यायला गेलं तर अॅमेझॉनची लायब्ररी ती नाकारते, डेसिमल या वेगळ्या प्रकारात मागते. तिची डिक्शनरी मात्र ४८.३५ मुकाट्याने ठेवून घेत होती. वजनाच्या व्यवस्थेत वजनाचाच दशांश तपासला गेला नव्हता.

दोन्ही दोष किरकोळ होते, ओळीदोनओळीत मिटले. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं मूळ. कोड लिहिताना सेवेबद्दल तिची जी समजूत होती, तिच्यातूनच मॉक निघाला होता. समजूत चुकली तिथे दोघंही सारखेच चुकले आणि टेस्टने दोघांची गाठ घालून हिरवा दिवा लावला. टेस्ट खोटं बोलली नाही. ‘तुझा कोड तुझ्या समजुतीप्रमाणे चालतो’ एवढंच ती सांगत होती. तिने ऐकलं, ‘तुझा कोड चालतो’.

मॉक तिने फेकले नाहीत. हाताने लिहिलेली वर्दी काढून खऱ्या वर्दीची नक्कल, शेतकऱ्यांची नावं बदलून, टेस्टमध्ये ठेवली. डिक्शनरीच्या जागी मोटो ही लायब्ररी आणली. ती अॅमेझॉनच्या सेवांची नक्कल आपल्याच यंत्रावर करते, आणि अॅमेझॉनची खरी लायब्ररी मधे राहत असल्यामुळे दशांशाची चूक लगेच पकडली जाते. पण मोटोही पोतंच, फक्त पुष्कळांनी मिळून भरलेलं. मुद्दाम सांगितल्याशिवाय ते परवानग्या तपासत नाही. म्हणून तिने एक वेगळं, रिकामं खातं मुंबईच्या केंद्रात उघडलं. रोज रात्री तिथे मोजक्या चाचण्या खऱ्या सेवेवर धावतात. एक देवनागरी नाव, एक दशांश वजन, आणि एकच वर्दी दोनदा आली तर एसएमएस दोनदा जात नाही ना, हेही. तशी ती येऊ शकते. एकदाच येईल अशी हमी एस-थ्री देत नाही.

नानांनी दुरुस्ती आणि शिक्का होईपर्यंत खरेदी बंद ठेवली. मग वही काढली, पोतं भरल्या दिवसापासूनची पानं उलटली आणि ज्याचा त्याचा फरक घरी नेऊन दिला. सगळ्यात आधी ते कुरकुरणाऱ्यांकडे गेले. त्या माणसांनी आपला कापूस दुसऱ्या काट्यावरही घालून पाहिला होता. बाहेरून झालेलं मोजमाप तेवढं एकच होतं आणि नानांनी ते पोतं दाखवून गप्प केलं होतं. पुतणीच्याही बाबतीत खरी गोष्ट आधी सांगितली ती एसएमएस न मिळालेल्या शेतकऱ्याने, टेस्टने नाही.

इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. या हंगामात माल घालण्याआधी त्यावरची तारीख वाचा. आणि प्रोग्रामर असाल तर तुमचा मॉक खऱ्या सेवेशी शेवटचा कधी ताडला होता, ती तारीख टेस्टच्या फाइलीत वरच्याच ओळीत लिहा.